कासारीच्या घळीतला हिवाळा

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या हवेत गुळाचा वास उतरतो. गुऱ्हाळं पेटलेली असतात, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून डुलत चाललेल्या असतात आणि सकाळी पंचगंगेच्या पुलावरून जाताना पाण्यापेक्षा धुकंच जास्त दिसतं. लोक ट्रंकेतून स्वेटर काढतात, कानाला मफलर गुंडाळतात. मी मात्र या दिवसांत घरातल्या घरात अस्वस्थ होते. गुडघे आता कुरकुर करतात, नोकरी संपून बरीच वर्षं झाली, कुठं जायची घाई नाही. तरी पहिली थंडी पडली की पाय चालायला मागतात. आणि त्यांना एकच वाट हवी असते.

कासारी नदीच्या वरच्या अंगाला एक घळ आहे. नकाशात तिला नाव नसेल. आम्ही नुसतं 'घळ' म्हणायचो. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मध्ये नदी, आणि नदीच्या उजव्या अंगानं, पाण्यापासून हातभर वर, माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी झालेली वाट. चढ असा नाहीच. म्हातारं माणूससुद्धा बोलत बोलत जाईल. पावसाळ्यात त्या वाटेवर जाण्याची सोय नसते, नदी वाटच गिळते. पण दिवाळीनंतर पाणी निवळतं, हिरवं होतं, खालचे गोटे दिसायला लागतात. कातळात पाण्यानं कोरलेले रांजणासारखे खळगे उघडे पडतात आणि प्रत्येक खळग्यात आभाळाचा एकेक तुकडा बसलेला असतो. ऊन घळीत उशिरा पोचतं. तोवर सगळं निळसर, ओलं आणि गार.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी त्या भागात नर्स म्हणून रुजू झाले. घळीच्या तोंडाशी रस्त्याचा पूल, पुलाजवळ गाव आणि गावाच्या कडेला आमचं आरोग्य उपकेंद्र: दोन खोल्या आणि एक व्हरांडा. घळीच्या वरच्या टोकाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, धनगरवाडा होता. पावसाळा सोडला तर दर बुधवारी लसीचा डबा खांद्याला लावून मी त्या वाटेनं तिथं जायची. बाळंतिणी बघायच्या, पोरांना डोस द्यायचे, कुणाचा ताप, कुणाचा खोकला, आणि उन्हं कलायच्या आत परत.

माझं माहेर वारणानगरचं. बाबा कारखान्यात कामाला, घर कॉलनीत. लग्न करून कोल्हापुरात आले. नवरा संजय उद्यमनगरात लेथवर कामाला होता. सासरे केरबा एसटीत ड्रायव्हर. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्ती, तसंच मीही म्हणायची. लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा नोकरीची ऑर्डर हातात पडली आणि मी एक पिशवी घेऊन या पुलापाशी उतरले. सासरी सगळ्यांची एकच समजूत झाली, की पोरीनं नोकरीपायी घर सोडलं. ती समजूत मी मोडली नाही. नोकरीपायी घर सोडणं हे निदान चारचौघांत सांगता येण्यासारखं कारण होतं.

आणि मग त्या हिवाळ्यात, एका बुधवारी सकाळी, मामा आले.

नुकतेच निवृत्त झाले होते. खाकीची सवय मोडली नव्हती म्हणून की काय, पांढऱ्या शर्टातही गणवेशात असल्यासारखे ताठ दिसत होते. व्हरांड्यात बसले, पाणी प्यायले. मी डब्यात बर्फाच्या पिशव्या लावत होते.

"कुठं निघालीस?"

"धनगरवाड्यावर. घळीतनं जायाचं. दुपार हुईल मला परत यायला."

"मग मीबी येतो की."

"मामा, लांब हाय."

"ह्या पुलावरनं उभा जन्म गाडी नेली. दरखेपेला खाली ही घळ दिसायची. एकदा उतरून बगावं वाटायचं. पर पाशिंजर बसवून गाडी थांबवू कुठं? आता मोकळा हाय. आण तो डबा हिकडं."

डबा त्यांनी खांद्याला लावला आणि पुढं झाले. मी मागं. वाटेवर दव इतकं की पायातल्या चपला कचाकचा वाजत होत्या. मामा गाडी चालवल्यासारखेच चालायचे. वळण आलं की कडेला सरकायचे, पुढचं दिसत नसलं की तोंडानं "पॉम" करायचे. गवा असला तर त्याला कळावं म्हणून. मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी मी हसले होते आणि ते हसू मला जरा अनोळखी वाटलं.

त्या दिवशी ते घराचं काही बोलले नाहीत. धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्यांबरोबर घोंगड्यावर बसून चहा प्यायले, कुठल्या खेड्यात कुठली मुक्कामाची गाडी जायची हे त्यांना सांगत राहिले. परत येऊन पुलापाशी एसटीची वाट बघताना मात्र नदीकडं बघत म्हणाले, "आत्तीनं इचारलंय, कवा येतीस."

"बघू."

"बग," एवढंच म्हणून ते गाडीत चढले.

पुढच्या बुधवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्यालाही. आत्ती त्यांना निरोप देऊन पाठवायच्या आणि ते निरोप पोचवायचे, पण पुलावर, शेवटी, गाडी दिसायला लागल्यावर. घळीत त्यांनी तो विषय कधी नेला नाही. घळीत आमचं बोलणं म्हणजे पाण्यात पडलेल्या खड्यासारखं. एक शब्द, मग बराच वेळ काही नाही. "हे कसलं झाड?" "हिरडा." "आणि हे?" "हे मला ठावं न्हाई." खंड्या पाण्यावरून निळी रेघ ओढत जायचा. एका मोठ्या खळग्यापाशी ते हटकून थांबायचे, ओंजळीनं पाणी तोंडावर मारायचे आणि म्हणायचे, "रेडिएटर गरम झाला."

आज मागं वळून बघताना वाटतं, माणूस बरा होतो तो अशाच कुठल्यातरी सवयीनं. औषध देणाऱ्या बाईनं हे लिहू नये, पण त्या हिवाळ्यात मला जे लागू पडलं ते कुठल्या डब्यात नव्हतं. कुणीतरी काही न विचारता पुढं चालतंय, त्याच्या टाचा दिसतायत, आणि शेजारी नदी आपल्या नादात. एवढ्यानं मी रात्री झोपायला लागले होते.

मग तो बुधवार आला. ऊन नुकतंच घळीत उतरलं होतं. आम्ही मधल्या अरुंद जागी होतो, तिथं पलीकडच्या कातळावरून जांभळाची एक मोठी फांदी नदीवर ओणवी झालेली. मामा एकदम थांबले, वळले, आणि "त्ये बग!" म्हणून त्यांनी झटक्यात हात वर केला. वर शेकरू होतं. मोठं, तांबूस, झुबकेदार शेपटीचं. हे मला नंतर कळलं. कारण तेव्हा मी खाली बसले होते. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडासमोर, डोळे मिटलेले. कधी बसले ते माझं मलाच समजलं नाही.

डोळे उघडले तेव्हा मामांचा हात अजून वरच होता. त्यांनी तो हळूहळू खाली घेतला, स्वतःच त्याच्याकडं बघितलं, आणि पाठीमागं नेला. मग माझ्यापासून जरा लांब, एका गोट्यावर बसले. शेकरू केव्हाच निघून गेलं होतं.

"शालन," ते म्हणाले, "संजू मारतोय तुला?"

नदीचा आवाज एवढा होता, की मी उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं. ऐकू आलं नाही असं दोघांनाही मानता आलं असतं. पण मी म्हणाले, "व्हय."

हा शब्द मी तोवर कुणापुढं उच्चारला नव्हता. आईपुढंसुद्धा नाही.

"कवापासनं?"

"पयल्यापासनं."

"आन् मी त्याच घरात निजत हुतो की गं."

"तुमी घरात असला की न्हाई, मामा. तुमची मुक्कामाची गाडी असली की."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ड्रायव्हर माणूस, महिन्यातल्या कितीतरी रात्री कुठल्यातरी डोंगरातल्या गावात गाडी लावून मागच्या सीटवर झोपलेला. त्या रात्री ते मनात एकेक करून आठवत असावेत. गगनबावडा. आंबा. भुदरगडातलं कुठलंतरी गाव. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही. नदीकडं बघत राहिले. पाणी एका खळग्यात शिरत होतं, गरगरत होतं, बाहेर पडत होतं.

शेवटी तेच उठले. "चल. बरफ इतळंल. पोरं वाट बगत असतील."

त्या दिवशी ते माझ्या पुढं चालले नाहीत. "तू हो म्होरं," म्हणाले आणि वाडा येईपर्यंत मागं राहिले. पुलावर गाडी आली तेव्हा आत्तीचा निरोपही त्यांनी सांगितला नाही.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. मी एकटीच गेले. डबा जड लागला. मनात नाही नाही ते आलं. त्यांना पटलं नसेल. मुलगा तो मुलगा. घरी जाऊन त्यालाच विचारलं असेल आणि त्यानं सांगितलेलं खरं मानलं असेल. असं वाटून घ्यायची मला सवयच झाली होती. घळ त्या दिवशीही तितकीच सुंदर होती आणि त्याचा मला राग आला.

त्याच्या पुढच्या बुधवारी पुलावर एसटी थांबली ती थांबलीच. कंडक्टर खाली उतरून ओरडत होता. टपावर मामा उभे. वरून दोरानं एकेक वस्तू खाली सोडत होते. माझी ट्रंक. माझं शिलाई मशीन. माझी माहेरची सायकल. गाडीतली माणसं खिडकीतून डोकी काढून बघत होती.

"ओ पावणं, घर हालिवताय काय?" एकानं विचारलं.

"व्हय की," मामा वरून म्हणाले, "सुनंचं."

सगळं व्हरांड्यात आणून ठेवल्यावर त्यांनी धाप टाकली आणि पायरीवर बसले. "काय ऱ्हायलं असंल तर सांग. पुढच्या खेपंला आणतो."

"मामा, आत्ती काय म्हनल्या?"

"तिला काय म्हणायचं त्ये म्हणू दे." आणि पुढं म्हणाले, "आता म्या इचारणार न्हाई, कवा येतीस म्हणून. तू येऊ नगंस, शालन."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. सासरा सुनेला म्हणतोय, येऊ नकोस. कुणी ऐकलं असतं तर घालवून दिलं असंच वाटलं असतं. आणि मला तर पहिल्यांदाच वाटलं की मी कुणाच्या तरी घरातली आहे.

बैठक बसली ती कोल्हापुरात, सासरच्या वस्तीतल्या बुद्धविहारात. माझे बाबा वारणानगरहून आले, संजयकडची चार थोर माणसं आली. सगळी भली माणसं, सगळ्यांना वाटत होतं, मिटावं. एक जण म्हणाले, "नवराबायकोत एवढंतेवढं चालायचंच, केरबा. पोरीनं बदली करून घ्यावी आन् नांदावं."

मामा उठून उभे राहिले. "चालायचं न्हाई," ते म्हणाले. कोल्हापुरी माणसाचा आवाज एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जातो, पण ते इतक्या हळू बोलले की सगळे पुढं झुकले. "माझ्या घरात चाललं आन् मला कळलं न्हाई, ह्याची मला लाज वाटतीया. चूक माझ्या पोराची हाय. पोरगी परत यायची न्हाई. मीच न्हाई म्हणतोय."

संजय मान खाली घालून बसला होता. त्याच्याबद्दलचा राग आता गेला, असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्या क्षणी तो मला फार लहान दिसला, आणि बापाकडं बघायचं धाडस त्याला होत नव्हतं हेही दिसलं. आत्ती दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, पदर ओढून घेतला आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्यापायी त्यांच्या घरात बाप-लेकाचं बोलणं थांबलं, नंतर लेक वेगळा राहायला गेला. त्यांच्या बाजूनं बघितलं तर मी काही थोडं नेलं नव्हतं.

कागदोपत्री सगळं मोकळं व्हायला पुढं वेळ लागलाच. पण माझ्यापुरतं ते त्या हिवाळ्यातच झालं. उरलेले बुधवार मामा येत राहिले. आता निरोप नव्हता, पोचवायचं काही नव्हतं. लोक विचारायचे, नर्सबाई, हे कोण तुमचे? मी सांगायची, सासरे. "आणि मालक?" त्याचं उत्तर मामाच देऊन टाकायचे. "मालक कुणाचा कोण न्हाई," ते म्हणायचे, "ही नर्स हाय, मी हमाल."

पौषात घळीतली थंडी हाडांत जायची. धनगरवाड्यावरच्या बायकांनी त्यांना एक जुनी घोंगडी दिली होती, ती पांघरून डबा सांभाळत चालायचे. ते पुन्हा पुढं चालायला लागले होते. मध्येच काही दाखवायचं असलं तर आधी म्हणायचे, "शालन, हात वर करतोय बरं का," आणि मग करायचे. कितीतरी दिवस असं केलं. एकदा मीच म्हणाले, "मामा, करा की हात वर, सांगताय काय!" ते वळून माझ्याकडं बघत राहिले, आणि मग दोन्ही हात वर करून मोठ्यांदा हसले. घळीनं ते हसू दोनदा परत दिलं.

होळीच्या सुमाराला नदी बारीक झाली, कातळ तापायला लागला आणि ते म्हणाले, आता पाऊस होऊन गेल्यावर येतो. तसे पुढं काही वर्षं येत राहिले. पण दर बुधवारी नाही. वर्षातनं दोनदा, तीनदा. चाल मंदावत गेली. एका वर्षी अर्ध्या वाटेतून परत फिरलो.

ते गेले ते भर पावसाळ्यात. निरोप पोचून मी कोल्हापुरात शिरले तोवर सगळं आटोपलं होतं. गल्लीत माणसं उभी होती. मी दारापर्यंत गेले. आत भिंतीला टेकून आत्ती बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले आणि छत्रीत परत फिरले. सूनही नव्हते मी त्यांची, आणि परकीही नव्हते. बसस्टँडवर बसून मग मनसोक्त रडले.

त्याच वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एका बुधवारी मी उपकेंद्राला कुलूप लावत होते. पुलावर गाडी थांबून गेली. धुकं होतं. धुक्यातून एक म्हातारी येताना दिसली. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, पाऊल चाचपून टाकणारी. अगदी जवळ आली तेव्हा ओळखलं.

"आत्ती?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. घळीच्या तोंडाकडं बघत म्हणाल्या, "कुठवर जायचा गं त्यो? दाव मला."

डबा खांद्याला लावला आणि चालायला लागले. त्या मागं. त्यांच्या डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून मी वाटेतले गोटे पायानं बाजूला सारत होते. त्या मध्येच थांबायच्या, कातळाला हात लावून बघायच्या, पुन्हा चालायच्या. मधल्या अरुंद जागी आल्यावर दमल्या. मी त्यांना एका सपाट गोट्यावर बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं. त्यांनी पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं, त्यांनी श्वास आत ओढला.

"काय बोलत हुता तुझ्यासंगं?"

"लई काय न्हाई, आत्ती. झाडांची नावं इचारायचे."

"माझ्यासंगं कवा येवढं चालला न्हाई," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार होती, पण ती माझ्याबद्दल नव्हती. मग पाण्यात पाय हलवत, खाली बघत त्या म्हणाल्या, "मला ऐकाय यायचं, शालन."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"त्यो गाडीवर गेला की. मी मधल्या खोलीत. सगळं ऐकाय यायचं. तू तोंडात पदर कोंबायचीस त्येबी कळायचं मला. वाटायचं, उठावं. मग वाटायचं, आपल्यालाबी कुणी उठून सोडवलं न्हवतं. पडून ऱ्हायची."

एवढं सलग त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

"ठावं हुतं मला," मी म्हणाले. "तुमी कूस बदलायचा, तवा बांगड्या वाजायच्या. मला कळायचं, तुमी जाग्या हाय."

आत्तींनी मांडीवरचे दोन्ही हात उलटे करून बघितले. मामा गेल्यापासून ती मनगटं रिकामी होती.

"दार उघडाय पायजे हुतं मी," त्या म्हणाल्या.

असू दे म्हणावं, झालं गेलं म्हणावं, असं माझ्या ओठावर आलं होतं. म्हाताऱ्या बाईला तेवढा दिलासा द्यायला माझं काय जात होतं? पण इतक्या लांबून, इतक्या कमी नजरेनं ती बाई खोटं ऐकायला आली नव्हती.

"व्हय, आत्ती," मी म्हणाले. "उघडाय पायजे हुतं."

त्यांनी मान हलवली. एकदा, सावकाश. ऊन कातळावरून सरकत सरकत आमच्या पायांपर्यंत आलं होतं. त्यांनी पाय पाण्याबाहेर काढले, मी माझ्या पदरानं ते पुसले, त्यांनी नको म्हटलं नाही. मग उठायला म्हणून त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला. वर धनगरवाड्याची कुत्री भुंकायला लागेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.